डबलसीट लांबच्या प्रवासासाठी बाईक: आराम आणि भरवसा दोन्ही हवेत, कुठली घ्यावी?

वारणाकाठ
नमस्कार मंडळी,
मुलगी शिकायला बाहेरगावी गेली आणि घरात आता आम्ही दोघंच. खूप वर्षं मनात होतं ते करायचं ठरवलंय, बाईकवरून डबलसीट भटकायचं. आधी रेवस ते रेडी सगळा किनारा, मग गोकर्ण-मुर्डेश्वर, बदामी-हंपी, आणि तब्येतीने साथ दिली तर एकदा लेह.

वय पन्नाशीच्या पुढे. माझी उंची ५ फूट ५ इंच, वजन ७५ किलो, सौ. ६० किलो. माझ्या कमरेत एल४-एल५चं (कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधलं) जुनं दुखणं आहे, सध्या आटोक्यात. आत्ता १२५ सीसीची गाडी आहे, पण शंभरेक किलोमीटर झाले की दोघंही अवघडतो. दिवसाला २५०-३०० किमी, वाटेत थांबत, वेगाची हौस अजिबात नाही. बजेट ऑन-रोड तीन लाख.

यादीत रॉयल एनफिल्डची मेटिऑर ३५०, होंडाची हायनेस सीबी३५०, बजाजची डॉमिनार ४००, सुझुकीची व्ही-स्ट्रॉम एसएक्स आणि रॉयल एनफिल्डचीच हिमालयन ४५० आहेत. शोरूमवाले जो तो आपलीच गाडी चांगली म्हणतो. ज्यांनी खरंच फिरवल्यात त्यांनी सांगावं.

घाटमाथा
डोळे मिटून मेटिऑर घ्या. सीटची उंची ७६५ मिमी, दोन्ही पाय सपाट टेकतात. २७ एनएम टॉर्क (चाक फिरवणारा जोर) खालच्या आरपीएमलाच मिळतो, घाटात सारखे गिअर पाडावे लागत नाहीत. ट्यूबलेस टायर, १५ लिटरची टाकी. ८०-८५ ला दिवसभर चालवा, इंजिनाची कुरकुर नाही.

चाकणकर
डॉमिनार. ४० पीएस ताकद, सहा गिअर, आणि बजाजचा मेकॅनिक तालुक्याच्या गावातही सापडतो. पुणे-बंगळूर रस्त्यावर डबलसीट आणि सामान घेऊन ट्रकला ओव्हरटेक करताना २० पीएसच्या गाडीवर किती वेळ समोरच्या लेनमध्ये लटकावं लागतं ते एकदा बघाच.

घाटमाथा
@चाकणकर, पुणे-बंगळूर रस्ता चारपदरी आहे, समोरची लेन कुठून आली? :)

चाकणकर
बरं, कोल्हापूर-रत्नागिरी घ्या. आंबा घाटात उसाची ट्रॉली पुढे असली की कळतं.

खारा वारा
वेगाबद्दल थोडं. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग दुचाकीला बंद. समृद्धी बंद. अटल सेतू बंद. उरलेल्या चारपदरी रस्त्यांवर केंद्राच्या २०१८च्या अधिसूचनेप्रमाणे दुचाकीला कमाल ८०ची मर्यादा. म्हणजे आपल्याकडे कायद्यात राहून फिरणाऱ्याला १२०ने पळणारी गाडी लागते कुठे? धागाकर्त्यांना तर वेग नकोच आहे. ३५० सीसी भरपूर झाली.

चाकणकर
टॉप स्पीडबद्दल मी बोलतच नाहीये. ६० वरून ९० ला जायला किती सेकंद लागतात, त्यावर ओव्हरटेक सुरक्षित होतो की नाही ते ठरतं. गाडीवर मिळून १३५ किलोची दोन माणसं आणि २० किलो सामान असताना तर नक्कीच.

स्पॅनर
माझं गॅरेज आहे, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात. या यादीतली एकही गाडी इंजिनापायी तुम्हाला रस्त्यात सोडणार नाही. लांबच्या प्रवासात माणूस अडकतो तो टायर, चेन, क्लच वायर, बॅटरी आणि फ्यूज यापायी. त्यामुळे "भरवशाची गाडी" ठरवताना दोन गोष्टी बघा. एक, तुमच्या घरापासून तासाभरात कंपनीचं सर्व्हिस सेंटर आहे का, आणि तिथे पार्ट शेल्फवर असतो की मागवावा लागतो. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेटचा सेट आणि लिव्हर, ही चार नावं घेऊन काउंटरवर विचारा. उत्तर देणाऱ्याच्या तोंडाकडे बघूनच समजेल. दोन, टायर ट्यूबलेस आहे का. ट्यूबलेसला खिळा लागला तर चाक काढायची गरज नाही, खिळा उपसून भोकात पंक्चरची रबरी दोरी भरा, हवा मारा, चला. ट्यूबचा टायर असेल तर चाक उतरवायलाच पाऊण तास, आणि सोबत टायर उचकटणारा माणूस हवा.

हिमालयन ४५० सुरुवातीला स्पोक आणि ट्यूबवरच यायची, ट्यूबलेस स्पोकचा पर्याय नंतर आला. घेतलीत तर तोच घ्या.

मृद्गंध
मी फिजिओथेरपिस्ट आहे, म्हणून कमरेवर बोलते. वारणाकाठ, तुमचा खरा प्रश्न गाडीच्या नावाचा नाही, बसण्याचा आहे.

क्रूझर प्रकारात, म्हणजे मेटिऑरसारख्या गाड्यांत, पाय पुढे असतात. शोरूममध्ये आरामखुर्चीसारखं वाटतं, पण पाय पुढे गेले की धडाचं सगळं वजन माकडहाडावर येतं. खड्डा आला की धक्का सीटमधून थेट मणक्यात जातो, कारण पायांवर भार घेऊन जरा उठायची सोयच नसते. ज्या गाडीवर पावलं साधारण कमरेखाली येतात, पाठ सरळ आणि किंचित पुढे झुकलेली राहते, तिच्यावर गतिरोधक दिसला की फुटरेस्टवर जोर देऊन दोन इंच उठता येतं. तो धक्का मांड्या घेतात. एल४-एल५वाल्यांना मी नेहमी दुसऱ्या प्रकारची गाडी सुचवते.

हँडल फार लांब असेल तर खांदे पुढे ओढले जातात, तेही बघा. कोपर थोडे वाकलेले राहिले पाहिजेत. आणि गाडी कुठलीही असो, दर तास-सव्वा तासाने उतरून पाच मिनिटं चालायचंच. यात तडजोड नको.

घाटमाथा
ताई, मेटिऑरवर गुवाहाटीपर्यंत जाऊन आलेली माणसं आहेत!

मृद्गंध
असतीलच. त्यांच्या कमरेचा एमआरआय धागाकर्त्यांसारखा नसेल. ज्यांना काही त्रास नाही त्यांना मेटिऑर मानवते, नाही कोण म्हणतंय. प्रश्न इथे एका विशिष्ट कमरेचा आहे.

ओली वाट
मृद्गंधशी पूर्ण सहमत, आता दुसरी बाजू. मी स्वतः चालवते, उंची ५ फूट १. सगळे सीटच्या उंचीचा आकडा सांगतात, पण सीट पुढच्या बाजूला किती रुंद आहे ते कोणी सांगत नाही. टाकीजवळ निमुळती सीट असेल तर ८०० मिमीवरही पाय टेकतो, रुंद असेल तर ७८०लाही मांड्या फाकतात आणि टाच हवेत.

आणि वजन. ते चालताना जाणवत नाही, थांबताना जाणवतं. किनाऱ्याने जाणार म्हणताय तर आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड अशा फेऱ्या लागतील. फेरीबोटीच्या तोंडाशी जी लोखंडी फळी असते ती खाऱ्या पाण्याने कायम ओली. त्यावरून चढायचं, लगेच थांबायचं, बोटीतला माणूस ओरडतो "अजून आत घ्या", आणि डाव्या बाजूला कोणाची तरी कार दोन वितींवर. तिथे १९० किलोची गाडी आणि १६७ किलोची गाडी यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. मागच्या माणसाला आधी उतरवा, पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा धरून सरळ जा, पुढचा ब्रेक झटकन दाबू नका.

चाकणकर
हे फळीचं वर्णन वाचून हाताला घाम आला. अगदी बरोबर लिहिलंय.

कडेपठार
पैशांचा हिशोब कोणी मांडलेला दिसत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि ३५०च्या वरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. आधी वरच्यांना २८ अधिक ३ टक्के उपकर होता. म्हणजे ३५० आणि ४०० मधली दरी एका रात्रीत रुंदावली. शिवाय विम्यात थर्ड पार्टीचा हप्ता २०२२च्या दरपत्रकाप्रमाणे १५० ते ३५० सीसीला वर्षाला १,३६६ रुपये, ३५०च्या वर २,८०४. नव्या गाडीला पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो.

हिमालयन ४५० तीन लाखांत ऑन-रोड बसणार नाही. ती यादीतून काढा, नाहीतर बजेट वाढवा.

आबा
पोरांनो, आम्ही येझदीवर पुणे-गोवा करायचो. किक मारायची आणि तीच दांडी पुढे फिरवून तिचाच गिअर करायचा. टू-स्ट्रोक इंजिन, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून घ्यायचं. धूर बघूनच मागचा माणूस ओळखायचा की येझदी चाललीय. सीट म्हणजे लांबलचक सपाट गादी, त्यावर बायको, मधे पोरगं आणि पुढे टाकीवर पिशवी. म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद पडला तेव्हा फार वाईट वाटलं होतं.

आता मुद्द्याचं. त्या सपाट लांब सीटवर मागच्याला पुढे-मागे सरकायला जागा असायची. आजच्या गाड्यांत मागची सीट म्हणजे पाटावर पाट ठेवल्यासारखी उंच आणि तोकडी. सूनबाईंना बसवून बघा आणि मगच पैसे भरा.

नागपूरची संत्री
आबा, लिहित राहा हो, येझदीवर वेगळा धागा काढा.

मागची सीट
आबांनी माझ्या मनातलं बोलून दाखवलं. आयडी बघूनच कळलं असेल मी कोण :) नवऱ्यामागे बसून भरपूर फिरलेय, त्यामुळे पुरुष मंडळींच्या लक्षात न येणाऱ्या काही गोष्टी.

मागचं फुटरेस्ट किती वर आहे ते पाहा. उंच असलं तर गुडघे दुमडून पोटाशी येतात आणि तासाभरात पायाला मुंग्या. बॅगा लावल्यावर पावलाची टाच बॅगेला लागते का, ते बॅग लावूनच तपासायला हवं. सीट मागे उतरती नको, पुढे उतरती तर मुळीच नको. पुढे उतरती असली की प्रत्येक ब्रेकला तुम्ही पुढच्याच्या पाठीवर जाऊन आदळता, मग दोघांची चिडचिड. धरायला दांडी दोन्ही बाजूंना हवी, फक्त मागे असली तर हात मागे वळवून खांदा भरून येतो.

टॉप बॉक्स (मागची सामानाची पेटी) लावला की पाठीला टेकू मिळतो, हे सगळ्यात मोठं सुख. पण तो सीटच्या फार मागे लावला तर टेकूही नाही आणि गाडीचं पुढचं चाक हलकं होतं. पॅनियरचं (दोन्ही बाजूंच्या बॅगांचं) स्टँड बसवताना मेकॅनिक साडीगार्ड काढून टाकतात. काढू देऊ नका, किंवा त्याऐवजी दुसरं आवरण बसवून घ्या. ओढणी चाकात जायला क्षण पुरतो.

वारणाकाठ
सौ.ला हा प्रतिसाद वाचून दाखवला. म्हणाली, "या बाईंना विचार, चढायचं कसं?" टॉप बॉक्स असताना पाय वरून टाकता येत नाही ना.

मागची सीट
सोपं आहे. पुढच्याने दोन्ही पाय रोवून, पुढचा ब्रेक धरून गाडी सरळ उभी ठेवायची. आपण डावा पाय डाव्या फुटरेस्टवर, डावा हात त्याच्या खांद्यावर, आणि जिना चढल्यासारखं उभं राहून उजवा पाय सीटवरून पलीकडे घालायचा. चढायच्या आधी "चढतेय" असं सांगायचं, आणि त्याने "हो" म्हटल्याशिवाय चढायचं नाही. उतरतानाही तेच. उंच गाडीवर हे दहा-बारा वेळा अंगणात करून बघा.

दर्यावर्दी
हायनेसबद्दल कोणीच बोलेना. इंजिन इतकं गुळगुळीत की आरशात मागचा ट्रक न थरथरता दिसतो. ३० एनएम, वजन १८१ किलो, सीट ८०० मिमी. मृद्गंध यांनी सांगितलेली बसण्याची पद्धत हिच्यावर बऱ्यापैकी मिळते. फक्त ती होंडाच्या बिगविंग शोरूममधूनच मिळते, तेव्हा सर्व्हिसचं अंतर आधी मोजा. मागची सीट थोडी आखूड वाटते, हे मान्य.

खारा वारा
व्ही-स्ट्रॉम एसएक्स मी वापरतो. २४९ सीसी, ऑइल कूल्ड, २६.५ पीएस, वजन १६७ किलो. पुढचं चाक १९ इंची असल्यामुळे कोकणातल्या फुटक्या कडांवर आपटत नाही. मागची सीट रुंद आणि सपाट, कॅरिअर कंपनीचंच. समोरची काच छोटी आहे, तरी छातीवर येणारा वारा बराच अडवते. खोट एकच, सीट ८३५ मिमी. पण दोघं बसलात की शॉकअप दबतात, तेव्हा चालवणाऱ्याचे पाय आकड्यापेक्षा जास्त टेकतात.

टॉर्क २२ एनएम. मेटिऑरसारखी चौथ्या गिअरमध्ये घाट चढणार नाही, गिअर पाडावाच लागतो. ज्याला ते आवडत नाही त्याने घेऊ नये.

घाटमाथा
बघा, कबूल केलं. सहा गिअर बदलत बसण्यापेक्षा आमची डुगडुग बरी.

नागपूरची संत्री
लेहचं काय? व्ही-स्ट्रॉमची १२ लिटरची टाकी पुरेल का? मनाली-लेह रस्त्यावरच्या तांदीच्या पंपावरचा "पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर" हा बोर्ड सगळ्यांनी फोटोत पाहिलाय.

खारा वारा
सपाटीला लिटरमागे ३५ च्या आसपास देते, डबलसीट चढावर कमी धरा. ३६५ किमी टाकीच्या भरवशावर नको, पाच लिटर जास्तीचं सोबत हवंच. हाच हिशोब डॉमिनारलाही लागू, तिची टाकी १३ची.

स्पॅनर
उंचीवर प्रत्येक हजार फुटांमागे साध्या इंजिनाची ताकद साधारण तीन टक्क्यांनी घटते. खारदुंग ला ५,३५९ मीटरवर आहे, म्हणजे तिथे जवळजवळ निम्मीच ताकद उरते. फ्युएल इंजेक्शनमुळे पेट्रोलचं प्रमाण आपोआप जुळतं, पूर्वीसारखं कार्बोरेटरचा जेट बदलत बसावं लागत नाही. पण हवाच विरळ म्हटल्यावर हरवलेली ताकद कुठलंही इंजेक्शन परत आणत नाही. दोघं आणि सामान घेऊन जाणार असाल तर पहिल्या गिअरची तयारी ठेवा आणि इंजिन तापलं की थांबा.

चाकणकर
एका लेहसाठी रोजची गाडी कशाला ठरवायची? तिथे जाऊन हिमालयन भाड्याने घ्या.

दर्यावर्दी
फक्त एक लक्षात ठेवा, मनालीत भाड्याने घेतलेली गाडी लडाखमध्ये स्थानिक फिरण्यासाठी चालू देत नाहीत. लेहमध्येच घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरची असेल तर अडचण नाही. रेल्वेने पार्सल करणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करून द्यावी लागते, आरसे काढून ठेवा आणि खालपासून वरपर्यंत पोतं-गवताने नीट बांधून घ्या.

ओली वाट
सीटच्या फोमबद्दल राहिलंच. शोरूममध्ये मऊ लागते ती सीट तासाभराने बसते आणि खालचा पत्रा टोचायला लागतो. दाबल्यावर सावकाश परत येणारी, जराशी कडक सीट लांब टिकते. आवडली नाही तर सीट शिवणाऱ्याकडून फोम बदलून घेता येतो, पण त्याला सांगा की उंची वाढवू नको, आतला थर बदल.

मृद्गंध
+१. आणि अर्ध्या तासाच्या टेस्ट राइडवर काही ठरवू नका. कमरेला काय झालं ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळतं.

वारणाकाठ
सर्वांचे मनापासून आभार. इतके दिवस गप्प होतो कारण मृद्गंध म्हणाल्या तसं करून बघत होतो. एका मित्राकडे मेटिऑर आहे, सौ.च्या भावाकडे व्ही-स्ट्रॉम. दोन वेगवेगळ्या रविवारी मलकापूरहून आंबा घाट उतरून साखरप्यापर्यंत आणि परत, दोन्ही वेळा डबलसीट.

मेटिऑर हातात आल्याबरोबर ओळखीची वाटली. वळणं झकास, गिअरची कटकट नाही, घाटमाथा म्हणतात ते सगळं खरं आहे. पण उतरणीला रस्ता उखडलेला होता तिथे प्रत्येक धक्का कमरेत जाणवला, आणि सोमवारी सकाळी बुटाची नाडी बांधायला वाकताना कळ आली.

व्ही-स्ट्रॉमवर सुरुवातीला टाचा टेकेनात म्हणून मी धास्तावलो होतो. सौ. मागे बसल्यावर पावलांचा पुढचा अर्धा भाग नीट टेकला. घाटात गाडी तिसऱ्या गिअरवर रमली. खड्ड्यांवर उठता आलं. दुसऱ्या दिवशी कंबर शांत होती. सौ.चं मत असं की मागची सीट "बसल्यासारखी" वाटते, मेटिऑरवर ती सारखी सरकत होती. चढण्या-उतरण्याचा सराव अंगणात चालू आहे, शेजारची मुलं बघायला जमतात.

डॉमिनारसाठी शोरूमला गेलो होतो. गाडी दणकट आहे, पण पार्किंगमधून मागे ढकलताना वजन जाणवलं, आणि कडेपठार यांच्या हिशोबाने पैसेही जास्त जातायत. हायनेस सौ.ला मागून आखूड वाटली. काउंटरवर स्पॅनर यांनी सांगितलेली चार नावं घेतली. कोल्हापुरात सुझुकीवाल्यांकडे ब्रेक पॅड आणि लिव्हर लगेच मिळाली, क्लच प्लेट दोन दिवसांत देतो म्हणाले. व्ही-स्ट्रॉम बुक केलीय.

चाकणकर
अभिनंदन! डॉमिनार नाही तर नाही, घरात एकमत झालं हे मोठं काम.

घाटमाथा
मनापासून अभिनंदन. कंबर सांभाळा, साखरप्याला आलात की हाक मारा, आमचं गाव तिथून जवळ आहे.

स्पॅनर
छान. टॉप बॉक्स आत्ताच लावू नका, पहिल्या सर्व्हिसिंगपर्यंत गाडी हळू चालवा, एकाच वेगात तासन्तास धरू नका. डबलसीटला मागच्या टायरची हवा पुस्तकात दिलीय तेवढी ठेवा, थंड टायरवर मोजून. चेनला दर ५०० किमीला ऑइल, पावसात भिजली तर त्याच रात्री, गाडी गरम असताना, सकाळी निघताना नव्हे. पंक्चर किट, छोटा पंप, क्लच वायर आणि फ्यूज सीटखाली. दुसरी किल्ली वहिनींच्या पर्समध्ये.

वारणाकाठ
नोंद केली. क्लच वायर जुन्या वायरीसोबतच ओवून ठेवावी असं कुठेतरी वाचलं, ते या गाडीवर जमतं का?

स्पॅनर
जमतं. पहिल्या सर्व्हिसिंगला नवी वायर घेऊन जा आणि जुनीच्या शेजारून टाय लावून घ्या, दोन्ही टोकं प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून. तुटली तर दहा मिनिटांत जोडून निघाल.